केरबाची दोरी आणि ठकूआत्याचं गाणं

आता ही गोष्ट कधीची म्हणाल, तर तुमच्या पणजीची पणजी पाळण्यात होती, त्याच्याही आधीची. लहानांनी पुढे या. मोठ्यांनी मागे बसलं तरी चालेल, पण ऐका मात्र नीट, कारण यातली चूक लहानांनी केलेली नाही.

तेव्हा डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाच्या वरच्या अंगाला मोठं तळं, आणि तळ्याचं पाणी अडवून धरणारी दगडी भिंत. भिंतीखाली शेतं, गोठे, घरं, सगळं गावच. भिंत धड तर गाव धड. म्हणून दर काही वर्षांनी भिंतीच्या सांध्यांत नवा चुना भरायचा रिवाज होता. साधा चुना नव्हे हं. त्यात वाळू घालायची, विटांचा भुगा घालायचा, गुळाचं पाणी घालायचं, आणि घाणीत, म्हणजे बैल ज्याभोवती फिरतो त्या गोल चरात, दगडी चाकाखाली ते सगळं दिवसभर मळायचं. असा चुना एकदा वाळला की त्याला पहारीनेही हलवता येत नसे.

पण या चुन्याची पुरती विद्या गावात एकाही माणसाजवळ नव्हती. हसू नका, खरंच नव्हती. कुणा एका राजाला फार मागे धास्ती पडली होती, की आपला एखादा गवंडी ही विद्या घेऊन शेजारच्या राज्यात पळून गेला तर काय घ्या. म्हणून त्याने विद्येचे दोन तुकडे केले. गवंड्यांच्या एका घराला दिली गाठींची दोरी आणि दुसऱ्या घराला दिलं एक गाणं.

दोरीवाल्याने दोरी कापडी पिशवीत ठेवायची. घाणीभोवती घोंगड्यांचा आडोसा करायचा, आत एकट्याने जायचं, पिशवीत हात घालून गाठी चाचपायच्या आणि तेवढं माप घालायचं. मग आडोसा निघायचा आणि गाणंवाली बैलामागून फिरत फिरत गाणं म्हणायची. दगडी चाकाच्या घरघरीत बाकीच्यांना नुसता सूर ऐकू यायचा, शब्द नाहीत. आणि दोरीवाल्याने तर तेवढा वेळ घाणीकडे पाठ करून, कानांत कापसाचे बोळे घालून बसायचं. पुढे तो राजा गेला, त्याचं राज्य गेलं, शेजारचं राज्यही गेलं. कापसाचे बोळे तेवढे राहिले.

आमच्या गोष्टीच्या वेळी दोरी होती केरबाकडे. केरबा पन्नाशीचा, भला माणूस, कामाला वाघ. पिशवीत हात घालून तो डोळे मिटायचा तेव्हा लोक आपोआप गप्प व्हायचे. पण त्याच्या पोटात एक गोष्ट होती, ती त्याने बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. त्याला दोरी कळत नव्हती.

गाठींचे चार झुबके होते. पहिल्यात बारा गाठी, दुसऱ्यात चोवीस, तिसऱ्यात सहा, चौथ्यात तीन. चुन्याच्या बारा पाट्या, वाळूच्या चोवीस, विटेच्या भुग्याच्या सहा आणि गुळपाण्याच्या तीन घागरी. एवढं त्याला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. पण चोवीसच का, सहाच का, हे त्याला ठाऊक नव्हतं. लहानपणी त्याने बापाला विचारलं होतं. बाप म्हणाला होता, "आपण मोजायचं. विचारायचं नाही." तेव्हापासून केरबाने विचारणं सोडलं, आणि दुसरं कुणी आपल्याला विचारील या धाकात जगू लागला. कुणी नुसतं "केरबा, एक विचारू का?" म्हटलं, तरी तो काहीतरी निमित्त काढून उठायचा.

एके वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी भिंतीला तडा गेला. तडा नेमका केरबाच्या लेकीच्या, सुंदराच्या घराच्या वर. सुंदरा गावातच दिली होती, घर नवं बांधलं होतं आणि पोरगी सहा महिन्यांची होती. पाऊस महिन्यावर आलेला. तळं भरायच्या आत तडा बुजवायला हवा होता.

चुन्याची भट्टी लावली, तर ती अर्ध्यातच ढासळली. बारा पाट्या चुना हवा होता, हाती लागला आठ पाट्या. पुन्हा भट्टी लावायची तर चुनखडी आणा, लाकूड आणा, दोन महिने गेलेच. पाटील म्हणाले, "आठ तर आठ. तडा काही अख्ख्या भिंतीला नाही. केरबा, आठाचंच माप घाल."

हे सांगायला सोपं होतं. केरबा आडोशाच्या आत गेला आणि त्याने पिशवीत हात घातला. दोरीत बाराचं माप होतं. आठाचं नव्हतंच. असा प्रसंग त्याच्या बापावर, आजोबावर कधी आला नव्हता. बाहेर सगळं गाव उभं. कुणाला विचारावं, तर दोरीवाल्याने विचारायचं नसतं.

घाम पुसत त्याने विचार केला. बाराचे आठ झाले, म्हणजे चार कमी झाले. मग सगळ्यांतूनच चार चार कमी करू. एकालाच कमी केलं तर अन्याय, सगळ्यांना सारखंच कमी केलं तर न्याय. त्याने वाळूच्या चोवीसातून चार काढल्या आणि वीस पाट्या घातल्या. विटेच्या सहातून चार काढल्या आणि दोन घातल्या. मग गुळपाण्याकडे वळला, तर तिथे मुळात घागरी तीनच. तीनातून चार कशा काढणार? तिथेच त्याने थांबायला हवं होतं. त्याला आतून वाटतही होतं की काहीतरी चुकतंय. पण बाहेरून पाटलांनी हाक मारली, "झालं का रे?" आणि केरबाने गुळाचं पाणी अजिबातच न घालता साधं पाणी ओतलं आणि आडोसा काढला.

घाणी फिरली. गाणंवाली ठकूआत्या सत्तरीची होती, कंबरेत वाकलेली, तोंडात सदा पान. तिनेही गाणं म्हटलं. केरबा पाठ करून, बोळे घालून बसला. संध्याकाळी चुन्याचा एक गोळा रिवाजाप्रमाणे सावलीत वाळत ठेवला. तीन दिवसांनी तो पाण्यात टाकायचा, टिकला तर चुना पास.

तीन दिवसांनी गोळा पाण्यात टाकला. बघता बघता तो फुटला, सुटला, आणि घंगाळाच्या तळाशी नुसती वाळू उरली. आठ पाट्या चुना फुकट गेला.

मग जे व्हायचं तेच झालं. दोरीच्या घरचे म्हणाले गाणं चुकलं. गाण्याच्या घरचे म्हणाले दोरी चुकली. पाटलांनी विचारलं, "केरबा, घातलंस तरी किती?" केरबा खाली बघत म्हणाला, "ते सांगायचं नसतं." रिवाजाच्या मागे लपायला जागा मिळाली याचं त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच लाज वाटली.

घरी जाताना वाटेत सुंदराचं घर लागलं. ती दारात पोरीला मांडीवर घेऊन तेल लावत होती. "बाबा," ती म्हणाली, "शेजारपाजारचे म्हणतात, घर सोड आणि वर देवळात राहायला जा. मी म्हटलं, कशाला? तडा माझा बाप भरणार आहे."

केरबाला तिच्याकडे बघवेना. त्याने नातीच्या तळपायाला हात लावला, आणि आपल्या घराकडे न जाता उलट वळून थेट ठकूआत्याच्या ओसरीवर जाऊन बसला. दोरीच्या घरचा माणूस गाण्याच्या घराची पायरी चढला होता. असं कधी घडलं नव्हतं.

ठकूआत्या सुपात चिंचोके निवडत होती. तिने मान वर केली. "काय रे? वाट चुकलास?"

"वाट नाही चुकली, आत्या. माप चुकलं." आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेलं केरबाच्या तोंडातून भडाभडा बाहेर आलं. "मला दोरी कळत नाही. कधीच कळली नाही. गाठी मोजता येतात, तेवढंच. लोक मला मोठा जाणता समजतात आणि मी आत घोंगडीमागे घाम पुसत उभा असतो."

ठकूआत्याने सूप बाजूला ठेवलं. मग तिला हसू फुटलं, इतकं की पानाचा ठसका लागला.

"हसतेस काय? माझ्या लेकीचं घर जायची वेळ आलीय."

"तुला नाही रे हसत. मला हसते. मला तरी गाणं कुठं कळतंय? सासूनं कानात ओतलं, मी तोंडातून सांडते. सत्तर वर्षांची झाले, कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आणि खरं सांगू? परवा मीही चुकलेच. माप थोडं म्हणून मी शेवटच्या दोन ओळी गाळल्या. म्हटलं, आठ पाट्यांना अख्खं गाणं कशाला खर्च करायचं?"

आता केरबालाही हसू आलं. बाळांनो, तुम्ही कधी अंधारात एकटेच घाबरून बसलात आणि शेजारून कुणी म्हणालं की मीही घाबरलोय, तर कसं वाटतं? तसं त्याला वाटलं. काही सुटलं नव्हतं, तडा तिथेच होता, पण छातीवरचा दगड थोडा सरकला.

"आत्या," तो म्हणाला, "ते गाणं एकदा म्हण. मी बोळे नाही घालत."

ठकूआत्याने दाराबाहेर बघितलं, पदर सावरला, आणि हळू आवाजात म्हटलं:

"एकेका चुनाबाईमागं वाळूचे दोन दीर,
दोघींत मिळून नणंद एक, विटाई, तिला नाही धीर.
चौघींत घागर गोड पाण्याची, घोट घोट प्या गं,
सासर आलं भिंतीपाशी, एकजीव व्हा गं."

"वरातीचं गाणं आहे," ती म्हणाली. "चुनाबाया नांदायला निघाल्यात. दीर, नणंद, पाणी. आम्हाला वाटतं, कामात जीव रमावा म्हणून केलंय कुणी."

पन्नास वर्षांत पहिल्यांदा ते शब्द केरबाच्या कानात शिरले होते. त्याने पिशवीतून दोरी बाहेर काढली आणि उजेडात, ओसरीच्या जमिनीवर ठेवली. ठकूआत्याने सवयीने तोंड फिरवलं, आणि मग पुन्हा वळवलं.

"आत्या, चिंचोके दे जरा." त्याने बारा चिंचोके ओळीने मांडले. "या बारा चुनाबाया. आता काय म्हणालीस? एकेकीमागं दोन दीर."

ठकूआत्याने प्रत्येक चिंचोक्यामागे दोन दोन ठेवले. केरबाने ते मोजले. चोवीस भरले. त्याने दोरीचा दुसरा झुबका बोटांत धरला आणि गाठी पुन्हा मोजल्या. चोवीसच.

"पुढं?"

"दोघींत मिळून नणंद एक." बारा बायकांच्या जोड्या लावल्या, जोडीला एक चिंचोका ठेवला. सहा. "चौघींत घागर एक." चार चार जणींचे घोळके केले. तीन घोळके झाले.

"बारा, चोवीस, सहा, तीन," केरबा म्हणाला. "अगं, ही माझी दोरीच आहे. तू सगळा जन्म माझी दोरी गात होतीस."

"आणि तू माझं गाणं पिशवीत घालून हिंडत होतास," ठकूआत्या म्हणाली.

मग केरबाने परवाचं माप मांडलं. आठ चुनाबाया, वीस दीर, नणंदा दोन, घागर नाही. ठकूआत्याने डोळे बारीक करून बघितलं आणि कपाळावर हात मारला. "मेल्या, आठ जणींमागं दीर सोळाच. हे चार दीर कुणाचे? यांची वहिनी कुठाय? नणंदा चार हव्यात, तू आणल्यास दोन. आणि एवढ्या वरातीला कुणाला घोटभर पाणी नाही. मग वरात फुटेल नाही तर काय होईल?"

"मी सगळ्यांतून सारखंच काढलं होतं, आत्या. न्याय केला."

"अरे, लग्नात चार बायका कमी आल्या, तर त्यांच्यामागचे आठ दीरही घरीच राहतात की. ज्याचं ज्याच्याशी जसं नातं आहे, तसं धरून कमी करायचं. घर लहान असलं म्हणून काय दिराचा मामा होतो?"

केरबा ते चिंचोके बघत बसला. जे त्याला जन्मभर चार वेगवेगळे आकडे वाटले होते, ते एकमेकांचे हात धरून उभे होते. आता बारा येवोत, आठ येवोत, चार येवोत, त्याला भीती नव्हती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी केरबा चावडीवर उभा राहिला. पाटील होते, सगळे होते. त्याने दोरी पिशवीतून काढून सगळ्यांसमोर धरली. "चूक माझी होती," तो म्हणाला. "चुना चार पाट्या कमी, म्हणून मी सगळ्यांतून चार चार काढल्या. आता मला कळलंय. मला अजून थोडा चुना द्या."

केरबाला वाटलं, आता लोक हसणार. मग कोपऱ्यातला एक म्हातारा म्हणाला, "मीही चार चारच काढल्या असत्या." दुसरा म्हणाला, "मीसुद्धा." बघता बघता अर्धी चावडी तेच म्हणायला लागली. पाटील मिशीत हसले आणि म्हणाले, "पण चुना आणायचा कुठून?"

चुना घराघरांतून आला. कुणी भिंती रंगवायला माठात भिजवून ठेवलेला दिला, कुणी दिवाळीसाठी राखलेला दिला. पानं खाणाऱ्या म्हाताऱ्यांनी आपल्या चुनाळ्या, म्हणजे चुन्याच्या डब्या, रिकाम्या केल्या, त्याही कुरकुरत. शेवटी ठकूआत्याने आपली पितळी चुनाळी पाटीवर उपडी केली आणि म्हणाली, "महिनाभर मी कोरडं पान चघळायचं. भिंतीला सांगा, माझे उपकार विसरू नको."

सगळं मिळून चार पाट्या भरल्या, म्हणजे जेमतेम तड्यापुरत्या. त्याच्यावर एक ओंजळही नाही. आता चुकलं तर गावात चुन्याचा कण उरणार नव्हता.

या वेळी घोंगड्या लावल्या नाहीत. केरबाने उघड्यावर, मोठ्याने म्हणत माप घातलं. "चार चुनाबाया. मागं आठ दीर. नणंदा दोन. घागर एक." माणसं एकमेकांकडे बघायला लागली, कारण सगळ्यांनाच ते समजत होतं. घाणी फिरली. ठकूआत्याने अख्खं गाणं म्हटलं, आणि केरबा पाठ न करता, तोंडाने तिच्या मागे मागे म्हणत बैल हाकत होता. त्याचा आवाज फाटका होता, पण त्या दिवशी कुणी तक्रार केली नाही.

गोळा तीन दिवस सावलीत वाळला. मग सकाळी केरबाने तो पाण्यात सोडला आणि घंगाळाशेजारी बसून राहिला. दुपारी सुंदराने भाकरी आणली, ती तशीच राहिली. संध्याकाळी पाटलांनी मान डोलावली तेव्हा त्याने हात घालून गोळा बाहेर काढला. गोळा अख्खा होता. सुंदराने एक दगड उचलून त्याच्यावर मारला. टण् असा आवाज आला आणि दगडाचाच टवका उडाला.

केरबाचा जीव भांड्यात पडला. तो तिथेच मांडी घालून भाकरी खायला लागला, आणि मागून अजून दोन मागवून घेतल्या.

तडा बुजवला. पाऊस आला तो धो धो आला, तळं काठोकाठ भरलं, आणि भिंतीखाली सुंदराच्या अंगणात पाण्याचा एक थेंब उतरला नाही. पोरगी पाळण्यात झोपायची तेव्हा वर अख्खं तळं उभं असायचं, आणि तिच्या आईला त्याची आठवणही येत नसे.

दोरीची पिशवी केरबाने फाडून तिचं पायपुसणं केलं. दोरी घाणीच्या खांबाला उघडी टांगली, तिच्याशेजारी बसून बायका-पुरुष सगळेच ते गाणं शिकले. पुढे कुणी छोटी घाणी केली, कुणी मोठी केली, कुणाला माप विचारत यावं लागलं नाही. ठकूआत्या गेली ती गाण्याचा अर्थ माहीत होऊन गेली, आणि हे ती मरेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत होती.

पाच वर्षांनी सुंदराची पोरगी घाणीजवळ खेळत होती. वाळूच्या ढिगावरून घसरत ती आजोबांपाशी आली आणि म्हणाली, "आजोबा, एक विचारू का?"

केरबा निमित्त काढून उठला नाही. "विचार की."

"चुनाबाईला दीर दोनच का? तीन का नाहीत?"

आजूबाजूची माणसं थांबली. केरबाने डोकं खाजवलं, विचार केला, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "मला नाही माहीत, बाई," तो म्हणाला. "तीन घालून बघू या का? एवढासा गोळा करू, आणि पाण्यात टाकू." आणि केरबा नातीला घेऊन वाळूच्या ढिगात फतकल मारून बसला.

तेव्हा लहानांनो आणि थोरांनो, लक्षात ठेवा: जे नुसतं पाठ केलं ते एकाच मापाला पुरतं, पण त्यातलं एकाचं दुसऱ्याशी असलेलं नातं कळलं, तर ते कुठल्याही मापाला पुरतं.